दोऱ्याची पहिली गाठ

तात्या, तो काळा दोरा कशासाठी होता हे तुम्ही मला एकदाही सांगितलं नाही. आता चाळिशी उलटल्यावर, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाल्यावर, ते मला बारामतीच्या एका दुकानात परक्या माणसाकडून कळावं, ही काय रीत झाली? बापानं लेकीला कॅमेरा दिला, इंदापुरातल्या दुकानाची किल्ली दिली, आणि मुख्य गोष्ट पोटात घेऊन गेला. मला राग आलाय. चौथीपर्यंतच शिकवलंत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. अक्षर मोठं काढतेय त्याला कारण आहे, ते पुढं येईल.

झालं असं. दिवाळीनंतर कोऱ्हाळ्याचा एक बागायतदार पोरीला घेऊन दुकानात आला. स्थळं यायला लागली होती, पाहुण्यांकडं पाठवायला फोटो पाहिजे होता. पोरगी गोड, पण लाजून मान खाली. मी तिला बोलून बोलून हसवली, मान वर करवली, लेन्सची रिंग फिरवून नजर बसवली आणि बटण दाबलं. फोटो घेऊन गेला, आणि आठ दिवसांनी पाकिटासकट परत आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बाई, कानातली फुलं बघा, मोती मोजून घ्यावं इतकी साफ. अन् त्वांड? वाफंत धरल्यावानी. पावणं काय कानासंगं लगीन लावत्यात व्हय?" मी म्हणाले, लॅबवाल्यानं घोळ केला. तसं नव्हतं. ज्या फोटोत कान साफ येतो त्यात तोंड लॅबमध्ये बिघडत नाही, एवढं मलाही कळतं. पोरीला बाहेर उन्हात उभी करून, लांबून दुसरा काढून दिला आणि त्याला वाटेला लावलं.

मग मी काचेवर आळ घेतला. तुमची पन्नासची लेन्स, इतक्या वर्षांची, तिच्यात बुरशी धरली असणार. एस.टी.नं बारामतीला गेले. ज्याच्या वडलांकडून तुम्ही रोल आणायचा तो पोरगा आता केस पिकलेला माणूस झालाय. त्यानं लेन्स काढली, ट्यूबलाइटपुढं धरली, उलटीसुलटी केली. "ताई, काच निर्मळ हाय. बुरशी न्हाय, चरा न्हाय. लेकरावानी जपलीया." मग म्हणाला, "त्या कॅलेंडरवर नजर बसवा बरं." मी बसवली. माझ्या मते चांगली बसवली. त्यानं रिंग न हलवता कॅमेरा माझ्या हातून घेतला, डोळ्याला लावला. "आकडं वाचता येत न्हाईत, ताई." मी म्हणाले, तुमचं कॅलेंडरच लांब टांगलंय. तो म्हणाला, "तात्यांचंबी असंच झालं हुतं. म्हणून तर त्यो दोरा. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. तालुक्यात कुणालाच नव्हतं. आजोबांनी मेंढरं विकली तेव्हा मागं राहिलेल्या काळ्या लोकरीचा कातलेला दोरा, त्याला तीन गाठी, एक टोक कॅमेऱ्याच्या कडीला. पहिली गाठ एकट्या माणसाला, दुसरी जोडप्याला, तिसरी अख्ख्या घराला. गाठ तोंडाला टेकवायची, मागं सरून दोरा ताठ करायचा, रिंगवर त्या गाठीच्या अंतराचा आकडा लावायचा, दोरा सोडायचा, मग फोटो. तुम्ही कॅमेरे बदललेत, दोरा तोच राहिला. लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलं की फोटोनं लागलेली दृष्ट या दोऱ्यानं उतरते. काळा दोरा म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? कऱ्हाटीच्या लग्नात तुम्ही घाईत दोरा काढला नाहीत, तर नवरीच्या आजीनं मांडव डोक्यावर घेतला होता. "आदी दोरा लावा माझ्या नातीला, मंग ती काच दाखवा!" तुम्ही हसून दोरा काढलात. आजी, मला तुमची नातच दिसत नाही, असं काही म्हणाला नाहीत.

पुरुषांना गाठ तुम्ही टेकवायचा. बायकांना मी. परक्या बाईच्या तोंडाला तुम्ही कसा हात लावणार? दहा-अकरा वर्षांची मी, हळदीचा वास येणाऱ्या नवऱ्या मुलींच्या तोंडापाशी ती गाठ धरून उभी राहायची. एकदा दोरा मळला म्हणून मी तो गरम पाण्यात बुचकळला, तर तुम्ही माझं मनगट असं धरलंत की दोन दिवस वळ राहिला. "पुन्यांदा हात लावलास तर बघ." मला वाटलं, दोऱ्यात देव आहे. लोकर पाण्यानं आटते आणि मग माप चुकतं, एवढं सांगायला काय जात होतं? तुम्ही गेलात आणि पहिल्याच आठवड्यात मी दोरा कॅमेऱ्यावरून सोडून टाकला. माझी नजर तेव्हा घारीची होती. मला असले अंगारेधुपारे नको होते.

आता उजव्या डोळ्यापुढं दुधावरच्या सायीसारखं काहीतरी आहे. डावा त्याहून थोडा बरा. बाजारातला चष्मा लावून बघितला, साय तशीच, फक्त मोठी झाली. डोळ्यांच्या शिबिरात जाऊन दाखवायचं मनात येतं, पण जात नाही. रांगेत सगळा तालुका असतो. ज्या भावकीनं मी दुकान हाती घेतलं तेव्हा "बाईमाणसानं का कुठं फोटो काढायचं असत्यात?" म्हणून तोंड वाकडं केलं, ती रांगेत माझ्या पुढंमागं असणार. फोटोवालीला दिसत नाही हे एकदा फुटलं की कोण मला मांडवात बोलावणार? सकाळी उठले की आधी समोरच्या पत्र्याच्या पाटीवरची अक्षरं वाचते. गेल्या महिन्यात चारही ओळी वाचायची. परवा दोन. आज दुसरी ओळ वाचली की आठवली, ते मला सांगता येत नाही.

दुकानदार भला माणूस. त्यानं दोन लेन्स बघायला म्हणून दिल्यात, सोमवारी एक तरी परत करायची. एक एकशे पस्तीसची, लांब नळीची. तिच्यानं लांब उभं राहून चेहरा काढता येतो, नाक फुगत नाही, मागची भिंत विरघळून जाते, माणूस नुसता उजळून निघतो. पण ती पाच फुटांच्या आत बघतच नाही, आणि लांबून बघितलं तरी बोटभर चुकलं की गेलं. डोळा साफ तर कान धूसर. तिच्यात माफी नाही. दुसरी झूम, पस्तीस ते सत्तर. शाळेचा गट, बारसं, बैलाशेजारी उभा राहिलेला मालक, रोजच्या सगळ्या कामाला एकच लेन्स, बदलायला नको. आजकाल सगळे तीच घेतात. पण तिच्यातून बघितलं की अंधारून येतं, दिवेलागणीला बघावं तसं. धडधाकट डोळ्याला चालेल. आणि तिसरी आपली पन्नासची. उजेडाची, जवळ जाऊ देणारी, आणि छिद्र बारीक केलं तर थोडीफार चूक पोटात घालणारी. फक्त जवळ गेलं की नाक मोठं येतं.

नाकाचं एवढं का घेऊन बसले, तर आईचं नाक. सोमवारी तिचे पुढचे राहिलेले चारही दात काढायचेत, बारामतीला. चार दिवसांपूर्वी भाकरी थापता थापता म्हणाली, "दात काढायच्या आदी माझा एक फोटू काढ. भिंतीवर लावायचा. मागनं माझं त्वांड माझं ऱ्हाणार न्हाय." मी म्हणाले, कवळी बसवू, मग काढू. "कवळीचा नगं. मला वर वळखलं पायजे त्यांनी." म्हणजे तुम्ही. वर म्हणाली, "त्यांनी साऱ्या तालुक्याचं फोटू साफ काढलं, माझा तेवढा धूर केला." रविवारी सकाळी ओट्यावर बसणार आहे ती. अख्खा रोल घालीन, पण तिसऱ्या फोटोला ती उठते, तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला रिंग फिरवायला बोलावलं तर आई विचारणार, तुझ्या डोळ्याला काय झालं?

तिचा तो धूर झालेला फोटो ट्रंकेत आहे. अंगणात, पाटावर बसलेली, मागं आजी-आजोबा खाटेवर. लुगड्याचे काठ दिसतात आणि तोंडाच्या जागी नुसता उजेड. आई तीस वर्षं समजते की तुम्ही तिच्याकडं नीट बघितलंच नाही. मीही तसंच समजत होते. बारामतीहून येताना गाडीत बसले आणि तो दिवस डोळ्यापुढं आला. शाळेतल्या पोरी मला "दोरेवाली" म्हणून चिडवायच्या. त्या दिवशी मी दोरा धरायला आले नाही, मागच्या गोठ्यात जाऊन बसले. तुम्ही दोन हाका मारल्यात. तिसरी मारली नाहीत. आणि आपल्या आईबापांसमोर बायकोच्या तोंडाला हात लावायची तुमची छाती नव्हती. दोऱ्याशिवाय, अंदाजानं काढलात. म्हणजे तो धूर माझा. हे मी आईला सांगितलेलं नाही. सांगायचं तर दोरा कशासाठी होता तेही सांगावं लागेल, आणि मग माझ्या डोळ्याचं.

दोरा सापडला. मी टाकलेला आईनं उचलून ट्रंकेच्या कडीला बांधला होता, दृष्ट लागू नये म्हणून. काल तो सोडला, कॅमेऱ्याला बांधला आणि फूटपट्टीनं मोजला. लोकर ताणलीय. पहिली गाठ चार फुटांच्या पुढं चार बोटं गेलीय. ती सोडून नवी बांधीन. झूम आणि लांबडी, दोन्ही परत देणार. पन्नासचीच ठेवणार, नाक येईल तेवढं येईल, माफ करणारी काच मला पाहिजे. पण गाठ कुठं टेकवायची, तात्या? नाकाच्या शेंड्याला, की डोळ्याच्या कडेला? मी शेकडो बायकांना ती धरली, आणि आता माझा हात कुठं जायचा ते मला आठवत नाही. बोटं उचलते आणि ती हवेत थांबतात. नाकाला धरली आणि डोळे धूसर आले तर? एकदाच चुकले होते, तो फोटो तीस वर्षं भिंतीवर लागू शकला नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ट्रंकेतच राहील, त्या फोटोखाली. पण उत्तर मला पाहिजे. आईच्या स्वप्नात जाऊ नका, ती उलटतपासणी घेईल. माझ्याकडं या. मी भिते, तरी या. रविवारी ऊन ओट्यावर यायच्या आत सांगा. सोमवारी सांगून उपयोग नाही.