मंगनीचं हरण

बुधवार, ७ जानेवारी
हमीदा, तू माझी लेक खरी, पण डोक्याची चाळण झालीय तुझी. मागच्या महिन्यात तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा विचारलंस, "सनाची मंगनी कधी?" तिन्ही वेळा सांगितलं. म्हणून आता रोजचं रोज वहीत. बोलणार मी, लिहिणार सना. मला अक्षर येत नाही, तिला धीर नाही. मंगनी उरकली की पानांचे फोटो काढून पाठवेल तुला.
तर: मंगनी १६ला, शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर. इथेच, शारजाला, अल मजाजच्या घरी. मुलाकडचे रास अल खैमाहून येणार, सोळा माणसं. तुझ्या भावानं, सनाच्या बापानं, इक्बालनं, मुलाच्या बापाला आताच सांगून टाकलंय, "भाई, मी स्वतः मारलेलं हरण खिलवणार."
हा माणूस झुरळ दिसलं की बायकोला हाक मारतो.

शुक्रवार, ९ जाने.
तयारी चाललीय. इक्बाल आणि त्याचे दोन जिवलग. एक झुबेर, श्रीवर्धनचा, विमानाची तिकिटं विकतो. दुसरा मंदार, पुण्याचा, दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला राहतो, अंडंसुद्धा खात नाही. पंधरा वर्षांची दोस्ती. वाळवंटात कुणा अरबाचं फार्म आहे, कुंपणाच्या आत हरणं पाळलेली. परवाना काढून मारू देतात. बंदूक नाही, धनुष्य. अर्ध्या तासात शिकवतात म्हणे.
कुंपणाच्या आत. पळणार कुठे ते बिचारं?
झुबेरनं मिलिटरीचे कपडे आणलेत, झाडपाल्याच्या रंगाचे. त्या वाळूत हिरवं झुडूप होऊन उभा राहणार. हरणच येईल जवळ, चरायला.
सामान: कॉफीचं मशीन, घडीच्या खुर्च्या, गादी, स्पीकर. शिकारीला निघालेत की बाळंतपणाला, कळेना.
मंदार म्हणाला, "काकी, मी फक्त कॅमेरा धरणार." तिघांत शहाणा.

शनिवार, १०
पहाटे फजरलाच गेले. दिवसभर फोन. पहिला: "आई, कॉफी मस्त झाली." दुसरा: पाच बाण सोडले, पाचही वाळूत. मी म्हटलं, वाळू तरी मेली का?
दुपार कलल्यावर, असरनंतर, तिसरा. "आई, मारलं! मी मारलं!" मागे झुबेर, माशाल्ला, माशाल्ला. मंदारचा आवाज नाही.

रविवार, ११
आले. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात मटण. छाती पुढे, पोट त्याच्याही पुढे. सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. इक्बाल धनुष्य ताणतो, बाण सुटतो, आणि लगेच तिघं हरणाशेजारी उभे, दात काढून.
"मधलं कुठाय?"
"मधलं कट केलंय, आई. बोअरिंग होतं."
मटण मीच धुवायला घेतलं. पहिलं पाणी लाल, असू दे. दुसरं लाल. तिसरं लाल. चौथं…
नीट कापलेल्या जनावराचं रक्त वाहून जातं, मांसात राहत नाही. माझे बाबा डोंगरात भेकर मारायचे, तेव्हा बंदी आली नव्हती. मी आठ वर्षांची, पाण्याचा तांब्या घेऊन मागून धावायचे. बार झाला की बंदूक तिथेच टाकून बाबा पळायचे, अनवाणी, काट्यांतून, कमरेची सुरी हातात. जीव आहे तोवर पोचायचं. एकदा पाय मुरगळला, पोचेपर्यंत ते गेलं होतं. बाबांनी तिथेच खड्डा खणून पुरलं. घरी येऊन कांदा-भाकर खाल्ली.
मटण फ्रीजरमध्ये. कुणाला काही बोलले नाही अजून.

सोमवार, १२
इक्बालला धरलं.
"हलाल केलंस?"
"हो."
"कुणी?"
"म्हणजे… आम्ही."
"सुरी एकच ना? की तिघांनी आळीपाळीनं?"
मग लागला मला दीन-धर्म शिकवायला. "आई, बिस्मिल्ला म्हणायची राहिली तरी आपल्या शाफई पंथात चालतं, मौलानांना विचारलंय मी."
"बिस्मिल्लाचं कोण विचारतंय तुला? मी विचारतेय, सुरी लागली तेव्हा जनावर जिवंत होतं का?"
ऑफिसचा फोन आला त्याला. असा वेळेवर येणारा फोन मी पाहिला नाही.
सनाकडून झुबेरला फोन लावून घेतला. "खालाजान, हंड्रेड परसेंट हलाल." एरवी मला खाला म्हणतो. जान लावलं म्हणजे खोटं.

मंगळवार, १३
मंदार आला, इक्बालच्या खुर्च्या परत द्यायला. चहा दिला. बिस्किट नुसतं हातात धरून बसला. मी काही विचारलंच नाही. त्यानंच सुरुवात केली.
"काकी, मला तुमच्यातला नियम नीट माहीत नाही. पण ते बराच वेळ जिवंत होतं."
फार्मवरचा पठाण त्यांच्याबरोबर होता. सुरी त्याच्याकडे. तर ह्या शहाण्यांनी त्याला गाडीपाशीच थांबवलं. का? व्हिडिओत नको म्हणून. शिकार एकट्यानं केली असं दिसायला हवं. हरण टेकडीपलीकडे जाऊन पडलं. हे पोचले. इक्बाल म्हणाला झुबेरला, तू कर. झुबेर म्हणाला, बाण तुझा, तू कर. करणार कशानं, नखांनी? मग पठाणाला हाका. तो बिचारा वाळूतून धावत आला, हात लावला, म्हणाला, "खलास. अब नहीं चलेगा."
"आणि मग?"
"मग झुबेरनं सुरी मागून घेतली आणि… तशीच फिरवली, काकी. मानेवरून. मेल्यावर." मग म्हणाला, "त्याचे डोळे उघडे होते. पूर्ण व्हिडिओ आहे माझ्याकडे. मला बघवत नाही आणि डिलीटही करवत नाही."
त्याचा चहा निवला. दुसरा करून दिला.
मुरदार. आपसूक मेलेलं, हराम, सोळा माणसांच्या ताटात वाढणार माझा मुलगा. शिजवणार माझी सून, माझ्या टोपात.

बुधवार, १४
संध्याकाळी दार लावून बसवलं त्याला. नाकारलं नाही. पन्नाशीचा माणूस, खाली बघून टाइल्स मोजत होता.
"आता काय करू, आई? त्यांना सांगू, की मला कापवलं नाही?"
"हो. ह्याच शब्दांत सांग."
"मुलाचा बाप काय म्हणेल? त्यानं त्याच्या अख्ख्या फॅमिलीला सांगितलंय. सनाला आयुष्यभर ऐकवतील, हिचा बाप…"
"हिचा बाप काय? भित्रा? तो तर आहेच. चोर व्हायचंय का आता? ती माणसं विश्वासानं तुझ्या दस्तरखानावर जेवायला बसणार."
गुरुवारपर्यंत मुदत दिली. तू सांग, नाही तर जेवणाआधी सगळ्यांसमोर मी सांगेन. मला लिहिता येत नाही, बोलता येतं.
इथे सनानं पेन खाली ठेवलं. म्हणते, "दादी, प्लीज. जस्ट वन डे. फ्रायडे होऊ दे, मग सांग ना."
"बरं. मग पहिला घास तू खायचास. खाशील?"
डोळे भरले. पुन्हा पेन उचललं. हेही लिही म्हटलं, लिहिलंय.
पोरगी माझी आहे. बाप मात्र कुणावर गेला, देव जाणे.

गुरुवार, १५
सकाळी फ्रीजर उघडला, डबा नाही. सून म्हणाली, "ते घेऊन गेले. रास अल खैमाला जाऊन येतो म्हणाले." मुलाकडच्यांच्या घरी.
आता तिथे जाऊन सगळं सांगणार, की मटण त्यांच्याच स्वयंपाक्याकडे देऊन मोकळा होणार, म्हणजे माझं तोंड उघडायच्या आत शिजून तयार? डबा कशाला नेला? टाकायचं तर इथे कचरापेटी नाही का? झुबेरला फोन केला, उचलत नाही. इक्बालचा दोनदा लागला, दोनदा कट केला त्यानं. मग एक मेसेज. सनानं वाचून दाखवला: "आई, इन्शाल्ला." पुढे काही नाही. इन्शाल्ला काय, मेल्या?
मुलाच्या बापाचा नंबर सनाकडे आहे. मागितला नाही. रात्रीपर्यंत मुदत दिलीय, रात्रीपर्यंत थांबेन.
उद्यासाठी मोठ्या टोपात चण्याची डाळ भिजत घातलीय. बापानं काहीही केलं तरी सोळा माणसं उपाशी जाणार नाहीत.
आणि हमीदा, तुझ्या शेजारणीचा मुलगा रविवारी गावाहून इकडे येतोय ना, त्याच्याबरोबर सुके बोंबील पाठव, दोन किलो, आणि खारवलेले बांगडे, चांगले उन्हात कडक केलेले. मटणातलं काही नको. मासळीला हलाल करावं लागत नाही. आमच्या घरच्या शिकाऱ्यांना तेवढंच झेपेल.