बाप हयात असताना

४ डिसेंबर १९३१

अर्धी मिशी गेली. डावी बाजू राहिली आहे. राहवेना म्हणून वस्तरा ठेवला आणि हे लिहायला घेतलं. वस्तरा नाटक कंपनीचे मॅनेजर फकरोद्दीनसाहेब यांचा. पुसून परत द्यायचा आहे.

काय म्हणाले ते! "चेहरा बराबर है, आवाज भी. बस ये मूँछ निकालो, बिलकुल रानी!" राणी! मी! काल संध्याकाळपर्यंत कापडाच्या दुकानात गज धरून उभा होतो.

कंपनी सोमवारी परभणीला निघते. सहा महिने जेवण त्यांचं, बाकी खर्च घरून. म्हणजे बाबांकडून. अंबडला जाऊन मागायचं. देतील? देतीलच!

डावीही गेली. आरशात कोणी दुसरीच आहे. तिला नमस्कार केला.

५ डिसेंबर

घात!

टोपी घालून सकाळी खाली आलो. आत्या चुलीशी. तिनं वर बघितलं, हातातलं उलथनं पडलं. "दादाऽ! माझा दादा गेला गं!"

मला कळेना. मग कळलं. बाप हयात असताना मिशी कोण काढतं? मला राणी दिसत होती. बाबा दिसलेच नाहीत.

"न्हाई गेले, आत्या! नाटकासाठी काढली!" ऐकते कोण. शेजारची गोजरबाई धावत आली आणि तीही रडायला बसली. शेवटी टोपी काढून केस दाखवले. बाबा गेले असते तर डोकंही भादरलं असतं की! आत्यानं केस ओढून बघितले. मग त्याच उलथन्यानं मला हाणलं.

तोवर समोरच्या रामकिसन अडत्यानं दुखवटा म्हणून अर्धं दुकान बंद करून अंबडला माणूस धाडलासुद्धा.

मी हसत हसत खाली बसलो. आत्या म्हणाली, "हस! आता बापाकडं पैसा मागायला कोन्त्या तोंडानं जातूस?"

"ह्याच!"

मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मूँछ का बाप से क्या ताल्लुक?" वस्तरा परत दिला.

६ डिसेंबर

बाबा आले! गाडीतून उतरायच्या आधीच ओरडले, "कुठं हाये मला मारनारा?"

आत्या रडतेय, हसतेय. बाबा तर रंगातच. "बाजारात भुजंग कासारानं मला पाह्यलं अन् बांगड्या टाकून पळाला! रामकिसनचा मानूस मलाच विचारून राह्यला, रखमाजीचं, म्हंजी माझंच, घर कोन्तं!"

"खोट्या मरनानं आयुष्य वाढतं, दादा."

"मंग अजून वीस वर्सं तुला ताप!"

हीच वेळ, म्हटलं. एका दमात सांगून टाकलं: परभणी, सहा महिने, खर्च. आत्याची शाल डोक्यावरून घेतली आणि राणी चालून दाखवली. वळून बघितलं, मान खाली घातली. आत्याला ठसका लागला. गोजरबाई म्हणाली, "आमच्या सुनंलाबी असं चालता येत न्हाई!"

बाबा बघत होते. हसले नाहीत.

"पैशाचं काय न्हाई. कापूस विकलाय. पन तू आता असाच ऱ्हानार? कायमचा?"

"राणीला मिशी कशी चालेल, बाबा?"

"मंग गावात येशील तव्हा तव्हा लोक मला जाळतील. एकदा हसलो. दर वर्सी कसं हसू?"

मी शाल घडी करून ठेवली. बाबा उठून ओट्यावर जाऊन बसले.

कंपनी उद्या निघते.

७ डिसेंबर

सकाळी बाबांनी न्हाव्याला बोलावलं आणि साऱ्या गल्लीदेखत ओट्यावर बसून आपली मिशी काढायला लावली. ती पांढरी, पीळ दिलेली. न्हावी दोनदा थांबला. "काढ म्हन्लं ना! कोनी विचारलं तर सांग, ह्यांच्या घरात असंच असतंय."

मग आम्ही दोघं बाजारातून चालत स्टेशनावर गेलो. तिकीट बाबांनी काढलं.