खिडकीची पाचवी बाजू

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरंच लिहिणार.
नोकरीचा पहिला दिवस. तीन महिने कच्ची, मग पक्की. म्हणजे पक्कीच. कंपनी फ्लोते, म्हणजे तराफा. हे लोक एक लायब्ररी बनवतात, पुस्तकांची नव्हे. प्रोग्रामर मंडळींनी ती घ्यायची, खिडक्या, मेनू, बटणं एकदाच लिहायची, की तोच प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्ही पाण्यांवर तरंगतो. माझ्या वाट्याला टूलबार आला. खिडकीच्या वरच्या अंगाला बटणांची पट्टी असते ती. ती कशी वापरायची हे सांगणारं पान लिहायचं. बस, एक पान. कॉलेज मी तिसऱ्या सहामाहीत सोडलं. मी सोडलं, कॉलेजने मला नाही. आईला यातला फरक कळत नाही.
पानं तपासायला इंगुन. डॉक्युमेंटेशन सगळं तिच्याकडे. तपकिरी लोकरी स्वेटर, कोपराला रफू. रफू स्वतःच केलंय म्हणाली. मी विचारलं नव्हतं. आपणहून म्हणाली.
निश्चय: शुक्रवारपर्यंत पान संपवायचं. संपलं की तिला मनातलं सांगून टाकायचं.

५ फेब्रुवारी, बुधवार
पहिला भाग पाठवला. इंगुनच्या कमेंट आल्या. पान नुसतं लाल. ‘बटणांमधल्या रेघेला भिंत कशाला म्हणतोस, रेघच म्हण.’ ‘बटणावर चिन्ह दिसेल की नाव, ते आधी सांग ना.’ प्रत्येकीच्या शेवटी एक हसरा चेहरा.
मग सहज हाल्वोरचं पान उघडलं. सहजच. इथे सगळ्यांची पानं सगळ्यांना दिसतात. हाल्वोर माझ्या समोर बसतो, ओप्दालचा, ताडमाड, मेनूचं पान त्याच्याकडे. त्याच्या अख्ख्या पानाखाली इंगुनने एकच शब्द लिहिलाय: ‘ठीक.’ चेहरा नाही, काही नाही.
बिचारा. तीन वर्षं इथे आहे आणि तिला त्याच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटत नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार
विचार केला. पान बिनचूक झालं तर मलाही ‘ठीक’ येणार. मग बोलणं बंद. शुक्रवारी पान संपवणं ही घोडचूक ठरेल. वेळीच लक्षात आलं.
नवा निश्चय: चुका मुद्दाम पेरायच्या. छोट्या, गोड. आज एक पेरली: ‘टूलबार ओढून खिडकीच्या पाचही बाजूंना चिकटवता येतो.’

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आलं उत्तर. ‘पाचवी बाजू कुठली रे, मलाही दाखव.’ आणि चेहरा. मलाही दाखव. परक्या माणसाला असं कोणी लिहितं का?
दुपारी ऑफिसची वॉफल, दर शुक्रवारी एकाने भाजायची. आज पाळी हाल्वोरची होती. वॉफलला पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळी हृदयाच्या आकाराची, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण आजवर त्याचा अर्थ कळला नव्हता. हाल्वोरने एक हृदय तोडलं, वर तपकिरी चीज ठेवलं आणि इंगुनच्या हातात दिलं. सगळ्यांदेखत. तिने घेतलं आणि खाल्लं.
मग मलाही एक दिलं आणि म्हणाला, काय रे अस्लाक, तुझ्या खिडकीला पाच बाजू आहेत म्हणे? आमच्या गावाकडे चारच असतात बाबा, गरीब माणसं आम्ही.
म्हणजे तिने त्याला सांगितलं. आमच्या दोघांतलं.
त्याने दिलेली पाकळी मी खाल्ली नाही. नंतर खाल्ली.

१२ फेब्रुवारी, बुधवार
मोठ्या चुकांचं फळ मोठं. आज इंगुन खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. खिडकी अरुंद झाली की टूलबारवरची उरलेली बटणं कडेच्या छोट्या बाणामागे जाऊन लपतात, हे समजावत होती. मी समजत नसल्याचं नाटक केलं. म्हणाली, बघ, बटणं मरत नाहीत, फक्त आत जाऊन बसतात, पाहुणे आल्यावर माझा भाऊ बसतो तशी. दिवसभर मी हसतोय.
तास दीड तास बसली. नाटक इतकं वठलं की अजूनही मला ते नीट समजलेलं नाही.
हाल्वोर समोरून दोनदा कॉफी न्यायला गेला. एवढी कॉफी माणूस पीत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
दरोडा पडला.
काल रविवारी बसून सुंदर चुका केल्या होत्या. सकाळी बघतो तर सगळ्यांवर हाल्वोरच्या कमेंट. इंगुन यायच्या आधीच. तिच्यासाठी एक शिल्लक ठेवली नाही.
उठून त्याच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं? तर हा शांतपणे म्हणतो, अरे, इंगुनचं ओझं तेवढंच हलकं. दमते ती हल्ली. मी म्हटलं, ती दमते हे तुला कसं ठाऊक? तर म्हणाला, तिला विचारलं मी.
विचारलं. एवढी हिंमत.
त्याला लेखी उत्तर द्यायला घेतलं, तीन परिच्छेद झाले. पुसलं. फक्त ‘धन्यवाद’ ठेवलं, तेही फार थंडपणे.

१९ फेब्रुवारी, बुधवार
डाव: हाल्वोर साडेचारला स्कीइंगला पळतो. तो गेला की पान पाठवायचं. पाठवलं. इंगुनची खुर्चीही रिकामी.
घरी येऊन गाउतेची स्की मागितली. गाउते म्हणजे माझा खोलीतला भिडू. तो म्हणाला, तू? आणि स्की? बरा आहेस ना? आमच्या देशातले लोक स्की पायात घालूनच जन्माला येतात असं म्हणतात. आई सांगते, मी सिझेरियनचा.
बीमार्काच्या जंगलात, स्कीच्या दिवे लावलेल्या वाटेवर दोघं दिसले. एकत्रच, असं नाही. तो पुढे होता, ती बरीच मागे, मध्ये एक म्हातारं जोडपं. पण दिशा एकच होती. वळणावर मी पडलो. ते म्हातारं जोडपं थांबलं, आजीबाईंनी उठवलं आणि विचारलं, बाळ, कुठल्या देशाचा तू?

२६ फेब्रुवारी, बुधवार
पानात तिन्ही प्रकारच्या कॉम्प्युटरांवरची चित्रं लागतात. विंडोज आणि लिनक्स झालं. राहिलं मॅक. अख्ख्या ऑफिसात मॅक एकाकडेच आहे. कोणाकडे, ते लिहायला नको.
तो स्वतःहून म्हणाला, घेऊन जा की, घरी ने हवं तर. मी म्हटलं, गरज नाही. त्याच्या उपकारावर माझा टूलबार उभा राहणार नाही. मॅकचा भाग अंदाजाने लिहिला: ‘मॅकवरही टूलबार खिडकीपासून तोडून कुठेही तरंगत ठेवता येतो.’ ही चूक नाही. विंडोजवर येतो, लिनक्सवर येतो, मग मॅकवर न यायला काय झालं? सरळ तर्क आहे.

५ मार्च, बुधवार
आईचा स्टाइनशेरहून फोन. विचारत होती, ते एक पान झालं का रे? तिला सांगितलं, ही कामं अशी होत नसतात. ती म्हणाली, तुझ्या बाबांनी एवढ्या वेळात गोठा बांधला होता.
इंगुनच्या कमेंट आता लांबलचक येतात. परवाची एक तर अर्धं पान होती. आज जेवायच्या सुटीत डबा घेऊन समोर येऊन बसली. विचारलं, अस्लाक, सगळं ठीक आहे ना? झोप होते ना नीट? मग विचारलं, कॉलेज का सोडलंस? मी म्हटलं, माझ्या मानाने फार संथ होतं. ती म्हणाली, गणितात मी दोनदा नापास झाले होते, कोणाला सांगितलं नाही कधी.
मी तिला धीर दिला. म्हटलं, होतं असं.
कोणाला सांगितलं नाही कधी. हाल्वोरलाही नाही. घे, हाल्वोर.

१२ मार्च, बुधवार
इंगुनचा मेसेज: शुक्रवारी वॉफलच्या वेळी सगळ्यांसमोर तुझ्याबद्दल थोडं बोलले तर चालेल का? अवघडायला होणार नाही ना?
सगळ्यांसमोर. मी वाट बघत बसलो आणि तीच पुढे आली. ‘चालेल’ असं लिहिलं.
गाउतेची इस्त्री मागितली. तो म्हणाला, आधी स्की, आता इस्त्री, आता कुठे पडणार आहेस?

१४ मार्च, शुक्रवार, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं. लिहितो.
पांढरा शर्ट घालून गेलो. तीन नवीन मुलं आली होती, पुढच्या महिन्यापासून पानं तपासायला बसणार. भिंतीवर पडदा. पडद्यावर माझं पान, फेब्रुवारीपासूनचं, इंगुनच्या सगळ्या कमेंटसकट. माझ्या आयुष्यातला सगळ्यात खाजगी मजकूर भिंतीएवढा मोठा.
ती नव्या मुलांना सांगत होती, लिहिणारा अडखळत असला तर धीर कसा धरायचा ते यावरून शिका. अस्लाकला लिहिणं सोपं जात नाही, पण त्याने एकदाही सोडून दिलं नाही.
तेवढ्यात हाल्वोर वॉफल वाढता वाढता म्हणाला, आणि पोरांनो, कमेंट कडक असली की शेवटी हसरा चेहरा टाकायचा. समोरच्याला लागू नये म्हणून. आपला नियमच आहे तसा.
नियम.
मी उभा राहिलो. म्हटलं, मला सगळं सोपं जातं. त्या चुका मी मुद्दाम केल्या.
हाल्वोर म्हणाला, पाचवी बाजू? म्हटलं, मुद्दाम. बाणामागची बटणं? मुद्दाम. रेघेला भिंत? (ती मुद्दाम नव्हती.) मुद्दाम. नव्या मुलांपैकी एक जण खोकला. हाल्वोर हळूच म्हणाला, बरं, मॅकचं? टूलबार तिथे खिडकीपासून तुटतच नाही रे. मला वाटलं, तुझ्याकडे मॅक नाही म्हणून राहिलं असेल. मी म्हटलं, तेही मुद्दाम.
इंगुनने विचारलं, का?
सगळ्यांच्या हातात वॉफल. कोणी खात नव्हतं. खरं उत्तर तोंडात होतं, ओठांपर्यंत आलेलं. तिच्या शेजारी हाल्वोर उभा होता, हातात वाढायचं ताट. मी म्हटलं, तू लक्ष देतेस की नाही, ते बघत होतो.
ती म्हणाली, दिलं की मी.
मग तिने पडदा बंद केला. नंतर तिच्या तोंडूनच कळलं, तेही सहज सांगितल्यासारखं: माझे तीन महिने वाढवून मिळावेत म्हणून तिने वर शब्द टाकला होता. म्हणाली, पोरगा धडपडतोय, असं सांगितलं होतं मी. आता काय सांगू?

१७ मार्च, सोमवार
इंगुनने सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हटलं. त्या सगळ्यांत मीही होतो.
माझ्या पानावर तपासणारा म्हणून तिच्या नावाच्या जागी आता हाल्वोर.
हे एका परीने बरंच झालं. आता तिला दाखवतो. एकही चूक न करता पान लिहायचं, पहिल्या शब्दापासून. तिला कळेल मी काय चीज आहे. मग ती स्वतःच म्हणेल, आण रे, मीच बघते.
हाल्वोरकडे मॅक मागितला. त्याने चार्जरसकट दिला. म्हणाला, घाई नाही. मॅकच्या पडद्यावरचं चित्र ओप्दालच्या डोंगराचं आहे, त्यात कोणी नाही. दोनदा मोठं करून बघितलं.

१९ मार्च, बुधवार
पान झालं. मॅकवर स्वतः ओढून बघितलं, टूलबार तुटत नाही. तसं लिहिलं. खिडकीला चार बाजू. बटणं बाणामागे कशी जातात तेही समजून घेतलं, समजायला दोन दिवस लागले. प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचलं. गाउते कंटाळून बाहेर गेला.
पान इंगुनच्या टेबलाशी स्वतः नेऊन दाखवलं. म्हटलं, या वेळी सगळं मनापासून लिहिलंय, तू बघशील का? तिने मान वर केली, रागाने अजिबात नाही. म्हणाली, हाल्वोर बघेल ना. मग परत आपल्या कामाला लागली.
रागावली असती तर बरं झालं असतं. राग म्हणजे निदान काहीतरी असतं.

२१ मार्च, शुक्रवार
हाल्वोरच्या कमेंट आल्या. वॉफलला गेलो नाही, बसून वाचल्या. बटणाच्या आकाराचं चुकलंय. चित्रं उलट्या क्रमाने लागलीत. बाणाचं अजूनही नीट नाही. पान लाल.
एकही चूक मुद्दाम केली नव्हती.
कमेंट जवळपास तेवढ्याच आहेत.