जिवंत पोरीचा क्रूस

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
ओतिलियाचा सा. न. वि. वि.

तुझं चीज पोचलं. गावचं सामान ने-आण करणाऱ्या एव्होदियोकाकांच्या गाडीतून अमेरिकेपर्यंत येईतो ते इतकं मुरलं होतं, की मी पिशवी सोडली आणि शेजारणीने खिडकी लावून घेतली. मी मात्र तुझी शपथ, सगळं संपवलं.

आता खाली बस आणि मग पुढचं वाच. तुझी ब्रिखिदा आमच्याकडे आहे. जिवंत आहे, जेवते आहे. छळातून सुटलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या आमच्या संस्थेचा नंबर छापलेल्या चिठ्ठ्या आम्ही कारखान्यांतल्या बायकांच्या शौचालयात दारामागे चिकटवतो, कारण तिथे नवरा मागे येत नाही. कोंबड्यांच्या कारखान्यात फरशा धुताना तिने ती चिठ्ठी पाहिली आणि फोन केला. तो नंबर मावशीच्याच संस्थेचा आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. मला पाहिलं तेव्हा रडली नाही, फक्त हात धुवायला कुठे जाऊ म्हणून विचारलं.

लग्नानंतर ती तुला फोनवर सगळं छान आहे म्हणायची ना, तेव्हा तिचा नवरा फिदेन्सियो शेजारी उभा असायचा. त्याने आणि त्याच्या भावाने काही बायका एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, ठेवल्या आहेत. आपल्या नेव्हेसची लेक एलोदियाही त्यांत आहे. कामावर नेतात, पगार आपण घेतात, कागदपत्रं गाडीतल्या अवजारांच्या पेटीत कुलपात. ब्रिखिदाच्या अंगावर काय काय आहे ते मी लिहीत नाही. ती बूट घालूनच झोपते, आणि फ्रिज उघडायला अजून परवानगी मागते.

नात्यातल्या माणसाचं प्रकरण आम्हाला हाताळता येत नाही, म्हणून ते ग्रासिएला बघते. तीही आपल्याकडचीच, तोंडाने फटकळ पण कामाला पक्की. तिचं आणि माझं एकच मागणं आहे. लेक कुठे आहे ते कुणाला सांगू नकोस. फोनवर तर नाहीच. तो फोन जावयाने दिलेला आहे, त्यात तो काय काय ऐकतो देव जाणे. काकांच्या हाती चिठ्ठी दे, त्यांच्या बुटातल्या तळव्याखाली घालून.

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझी,
ओतिलिया

---

सान लुकास, पुएब्ला
२ मार्च

चि. ओतिलियास,
एपिफानियाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी चुलीपाशीच बसून राहिले. तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली तरी उठवेना. पोर जिवंत आहे! तू तिला फ्रिज उघडून दे आणि सांग, की आईने म्हटलंय, हवं ते खा.

तू सांगितलंस तसं मी तोंडाला कुलूप घातलं. तुझ्या शहराचं नावसुद्धा काढलं नाही. नेव्हेसने विचारलं, पोरीचं काही कळलं का, तर मी ढगांकडे बघून पाऊस लांबला म्हणाले. तिच्याशी खोटं बोलताना जीव तुटला, पण बोलले.

एवढंच केलं, की रविवारी देवळात आभाराची प्रार्थना, मिस्सा, सांगितली. देवाने एवढं दिलं आणि आपण गप्प बसायचं, हे मला जमणारं नाही. आपल्याकडे आभाराची मिस्सा सांगितली, की देवाबरोबर ज्याने हात दिला त्या माणसाचंही नाव घ्यावं लागतं, नाहीतर ते आभार पोचत नाहीत. म्हणून देवळाच्या भोंग्यावरून देऊळ सांभाळणाऱ्या चोनने वाचलं, की एपिफानिया आपल्या लेकीच्या सुटकेबद्दल संत युदाची आणि बहीण ओतिलियाची ऋणी आहे. बघ, गाव नाही, पत्ता नाही, काही नाही.

मंगळवारी आमच्या विहीणबाई, तोमासाबाई, आल्या होत्या. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या उंबऱ्यात. नवी शाल, हातात गोड पावाची टोपली. फार प्रेमाने बोलल्या. म्हणाल्या, की अहो, पोरं भांडतात, आपण म्हाताऱ्यांनी मनात ठेवू नये. मग सहज विचारलं, की तुमची ओतिलिया अजून त्या बायकांच्या घरातच काम करते का. मी म्हटलं, दुसरीकडे कुठे जाणार ती, तिचा जीव आहे त्यात. त्यावर हसल्या आणि माझी पाठ थोपटली. त्यांचा हात फार गार होता गं.

मोलेच्या रश्श्याचा मसाला पाठवते आहे. अर्धा पोरीला दे. तुझ्या या थोरल्या बहिणीचा जीव तुझ्यात आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई

---

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मसाला मिळाला. पत्रही मिळालं, आणि ते वाचून मी किती वेळ कोट न काढताच उभी होते.

ताई, तू शहराचं नाव घेतलं नाहीस, पण माझं घेतलंस. मी कुठे राहते आणि काय करते हे सान लुकासमध्ये कोणाला माहीत नाही? तुझी मिस्सा झाली त्याच आठवड्यात किराणा दुकानातला खाटीक मला म्हणाला, की तुमच्या गावचा एक भला माणूस तुमची चौकशी करत होता, मावशीला भेटायचंय म्हणत होता. त्या दिवसापासून माझ्या घरासमोर एक करडी गाडी उभी राहते. आत बसलेला माणूस उतरत नाही, काही करत नाही. काल त्याने मला हात केला, जुनी ओळख असल्यासारखा.

ग्रासिएलाने ब्रिखिदाला लगेच दुसरीकडे हलवलं. कुठे ते मलाही सांगितलं नाही. म्हणाली, की तुला माहीतच नसेल तर तुझ्याकडून कोण काय काढून घेणार. बरोबर आहे तिचं, पण भाचीची एक पिशवी माझ्याकडे राहिली आणि ती द्यायलाही मला जाता येत नाही.

तुला रागावून काय करू? तुझ्या ठिकाणी आपली आई असती तर तिनेही तेच केलं असतं, वर फटाके लावले असते. फक्त आता आपल्या मनाने काही करू नकोस. मिस्सा नको, नवस नको. विहीणबाई आल्या तर पाव घे आणि दार लाव.

मला तुझ्यावाचून कोण आहे, एवढं लक्षात ठेवून स्वतःला जप.

तुझी,
ओतिलिया

---

सान लुकास
३१ मार्च

चि. ओतिलियास,
अनेक आशीर्वाद.

तू काही करू नकोस म्हणालीस, पण तुझं पत्र यायच्या आधीच माझं करून झालं होतं.

त्या मंगळवारनंतर विहीणबाई रोज येऊ लागल्या. रोज पाव, रोज एक प्रश्न. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी काय करून बसले. मग मी विचार केला, की माणूस शोधणं कधी थांबवतं? गावात सांगितलं, की तुझा निरोप आला, ब्रिखिदा तिकडे रस्त्यावर गाडीखाली सापडली आणि तिथेच मातीला दिली. ज्याने दुसऱ्यांची कागदपत्रं कुलपात ठेवलीत, तो पोलिसांत जाऊन माझी बायको खरंच मेली का म्हणून थोडाच विचारणार आहे?

नऊ दिवसांचा दुखवटा मांडला. प्रार्थना सांगायला कांदेलारियाबाईला बोलावलं. मका भिजवायला आणलेल्या चुन्यातूनच मूठभर घेऊन जमिनीवर क्रूस काढला, फुलं ठेवली, मक्याच्या पिठाचे तामाले वाफवले. सगळं गाव आलं. नेव्हेस माझ्या गळ्यात पडून अशी रडली, की मीही रडले. खोटं नव्हतं ते रडणं. एकदा मेली म्हटलेली पोर या घरात परत कशी येईल, हे मला तेव्हाच कळलं.

नवव्या दिवशी तो चुन्याचा क्रूस गोळा करून उचलायला एक मानाची बाई, धर्ममाता, लागते. मी कांदेलारियाबाईला सांगितलं होतं. पण विहीणबाई पुढे झाल्या, म्हणाल्या, की सुनेचा क्रूस सासू नाही उचलणार तर कोण. चार लोकांत मी नाही कसं म्हणू? गुडघे टेकून त्यांनी तो चुना हळूहळू, कणन् कण गोळा केला. डोळे कोरडे. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि कानाशी म्हणाल्या, की बरं केलंत हो विहीणबाई, आमचं काम सोपं केलंत. गावाच्या लेखी ती मेलीच. आता मेलेलं माणूस पुन्हा मेलं, तर कोण विचारायला येतंय?

आणि तामाले छान झालेत म्हणून घरी न्यायला मागून घेतले.

ओतिलिया, काय करू ते सांग. आता मला काही सुचत नाही. ताईवर रुसू नकोस.

तुझी,
ताई

---

१२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रुसायला वेळ कुठे आहे?

फिदेन्सियोचा मला फोन आला. नंबर कुठून मिळाला माहीत नाही. फार अदबीने बोलला, मावशी मावशी करत. दुःख झालं म्हणाला, आणि फुलांचं चक्र कुठे पाठवू ते विचारलं. मी पत्ता दिला नाही. तर म्हणाला, की असू दे, तुम्ही दुःखात आहात, मी शोधून काढीन आणि स्वतः नेऊन ठेवीन.

मी ग्रासिएलाला सगळं सांगितलं. ती आधी तुझ्या नावाने दोन शब्द बोलली, ते लिहीत नाही. मग म्हणाली, की अशा माणसांचं सगळं बळ लपवण्यात असतं, आणि तुझ्या बहिणीने त्यांना लपवायला आणखी एक खड्डा खणून दिला. तिने ब्रिखिदाला हे कळवलं. कळवायलाच हवं होतं.

ब्रिखिदाने निरोप पाठवला आहे, तो जसाच्या तसा देते. आईवर राग नाही म्हणाली. नवऱ्याने माझी कागदपत्रं घेतली, पगार घेतला, आता नाव तेवढं राहिलं होतं तेही गावाने मातीत घातलं. मी इथे सरकारी वकिलापुढे जबानी द्यायला तयार आहे, पण मेलेल्या बाईची जबानी कोण घेणार? आईला म्हणावं, मला जिवंत कर.

कसं करायचं ते मला माहीत नाही, ताई. धोका आहे, आणि तो आता न केल्यानेही टळणार नाही. तूच ठरव. पाठीशी मी आहे, लांब असले तरी.

तुझी,
ओतिलिया

---

सान लुकास
२७ एप्रिल

चि. ओतिलियास,
अनेक आशीर्वाद.

केली जिवंत.

आधी चोनकडे गेले. तो म्हणाला, की काकू, देवळाचा भोंगा भांडणासाठी नाही, आणि तोमासाबाईंनी नवी घंटा दिली आहे. मग मक्याच्या गिरणीवर गुदेलियाकडे गेले. तिच्या भोंग्यावरून ती रोज सकाळी डुकराचं ताजं मांस आल्याचं ओरडते. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, की आधी माझं मांस सांगून घेते, गिऱ्हाईक जायला नको, मग तू बोल.

तर आधी मांस झालं, मग मी. आवाज फुटत नव्हता, पण एकदा फुटला तो थांबेना. म्हटलं, की मी ब्रिखिदाची आई एपिफानिया. मी गावाशी खोटं बोलले, तुमचे अश्रू फुकट घेतले, त्याची शिक्षा देव देईल. माझी ब्रिखिदा जिवंत आहे. तोमासाबाईंचे फिदेन्सियो आणि रुतिलियो तिकडे बायका डांबून ठेवतात, राबवतात, मारतात. ज्यांच्या पोरी त्यांच्याबरोबर गेल्या आणि फोनवर सगळं छान आहे एवढंच म्हणतात, त्यांनी पोरीला विचारा, की तुझ्या शेजारी कोण उभं आहे. आणि उद्या माझ्या लेकीला काही झालं, किंवा मला, तर नाव शोधत बसू नका. आत्ताच सांगून ठेवलं आहे.

बाहेर आले तर रस्त्यावर माणसं उभी. नेव्हेस मधोमध उभी, डोक्यावरून पिठाची बादली पडलेली, तिकडे लक्षच नाही. पलीकडच्या दारात विहीणबाई. ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. शाल सारखी केली आणि आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या अंगणातून एक मोटारसायकल निघून गेली.

त्या दिवसापासून माझ्याकडे कोणी अंडी घ्यायला येत नाही. दिवस मावळला की गल्लीत कुणीतरी उभं असतं. जावयाचा फोन मी मक्याच्या चुन्याच्या पाण्यात बुडवला, त्यामुळे आता चिठ्ठीशिवाय मार्ग नाही. पण ओतिलिया, मला आता पूर्वीसारखं भ्यायला होत नाही. जे व्हायचं ते उघड्यावर होईल.

पोरीला म्हणावं, बूट काढून झोप. तिच्या वाटचं जागरण मी करते.

तुझी,
ताई

---

१४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं भाषण, गुदेलियाच्या मांसासकट, इथे सगळ्यांच्या फोनवर आहे. गावात कुणीतरी ते टिपून घेतलं आणि इकडे पाठवलं. कारखान्यात, दुकानात, कपडे धुवायच्या यंत्रांपाशी बायका ते कानाला लावून ऐकतात. मांसाच्या जाहिरातीला हसतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून लावतात.

गुरुवारी आमच्या दारावर एलोदिया आली. तिच्याबरोबर आणखी एक, होंडुरासची. नेव्हेसने फोनवर विचारलं होतं, की पोरी, शेजारी कोण उभं आहे. एलोदिया काहीच बोलली नाही, आणि त्या न बोलण्यातच आईला कळलं, असं एलोदिया सांगते. दोघी ट्रेलरमधून पळून आल्या त्या अनवाणी. ग्रासिएला फटकळ खरी, पण तिने स्वतः खाली बसून त्यांचे पाय धुतले.

ब्रिखिदाने जबानी दिली. आता तिघींची मिळून आहे. रुतिलियोला पकडलं. अवजारांची पेटी फोडून कागदपत्रं काढली. करडी गाडीही सापडली, पण रस्त्याकडेला, रिकामी. फिदेन्सियो तिच्यात नव्हता. पोलीस म्हणतात, तो दक्षिणेकडे गेला असावा.

हे तुला कळवण्यासाठी मी गुदेलियाच्या गिरणीत फोन केला, तो कुणी उचलला नाही. मागच्या खेपेला तुझी चिठ्ठीही आली नाही. काकांना खोदून विचारलं. ते म्हणाले, की दार लावलेलं होतं, हाका मारल्या, आतून ओ आली नाही. शेजारच्या कुणी खिडकी उघडली नाही. पण कोंबड्या अंगणात मोकळ्या होत्या आणि त्यांच्यापुढे ताजे दाणे टाकलेले होते, अजून वेचून संपले नव्हते.

ब्रिखिदाने निरोप धाडून विचारलं, की आई कशी आहे. मी तिला कोंबड्यांना दाणे टाकलेले होते, एवढंच कळवलं. त्या दिवशी ती बूट काढून झोपली म्हणे.

हे पत्र काकांकडे देते आहे. दार बंद दिसलं तरी हाका मारत राहा, असं त्यांना सांगितलं आहे. दोन ओळी लिही. लिहवत नसेल तर चीज पाठव, कितीही मुरलेलं चालेल.

तुझ्या मायेची वाट पाहणारी,
ओतिलिया