दोन्ही टोकांची टेस्ट

रवि., १ फेब्रु.
कुसुमचा कॉल परत तुटला. बाराव्या मिनिटाला. सलग तिसरा रविवार. मागोमाग तिचा मेसेज : "अक्का, नेट बरोबर नाही. पुढच्या वेळी बघू."
हे मला पटत नाही. देवनहळ्ळीच्या त्या नव्या लेआउटमध्ये तिच्या मुलानं घर घेतलं, तेव्हा फायबर आधी आली, नळाचं पाणी मागून. कर्नाटकातल्या आमच्या मराठी घरबोलीच्या शब्दांची आम्ही दोघी करतो ती यादी मात्र तीन आठवडे जागची हललेली नाही.

सोम., २
भाड्याच्या सर्व्हरवर शिरले. कॉल आणि यादी दोन्ही त्याच्यावरच चालतात, दोष असला तर तिथंच असणार. वेग मोजायची कमांड दिली. डाउनलोड ९१२ मेगाबिट, अपलोड ८८०. पुन्हा दिली. ९०७. म्हणजे उत्तम. मग तुटतो कसा?
घरून सर्व्हरला शंभर पिंग, म्हणजे नुसत्या हाका, पाठवले. शंभर परत आले.
कळत नाही.

मंगळ., ३
हॉस्टिंगवाल्यांना लिहिलं. उत्तर नम्र : आमच्या बाजूने सर्व ठीक दिसते. हेच वाक्य टेलिफोन खात्यात मी लोकांना जन्मभर ऐकवलं, त्यामुळे रागावताही येईना.
दुपारी डोक्यात आलं. ते नऊशे कुठून कुठे? सर्व्हर मुंबईत, आणि कमांड मोजते ती जवळच्या मोजणी केंद्रापर्यंत. तेही मुंबईत. म्हणजे मुंबईहून मुंबईला लाइन झकास आहे. कुसुम देवनहळ्ळीत. खात्यात लाइनी तपासायच्या टेस्ट डेस्कवर बसलेल्या बाईला हे कळायला दोन दिवस लागावेत.

बुध., ४
जेवताना सहज विषय काढला. वहिनी म्हणाली, "आपल्या येलहंकाहून देवनहळ्ळी पाऊण तास. बसमध्ये बसा आणि विचारून या की. शेजारच्या गावाशी मुंबईवरून कशाला बोलायचं?" भाऊ ताटात बघून हसला.
तिला कसं सांगू. मी बेंगळूरच्या टेस्ट डेस्कवर, कुसुम हुबळीच्या. एकोणीस वर्षं रोज सकाळी लाइन तपासताना पहिला आवाज एकमेकींचा. तोंड पाहिलं ते नऊ वर्षांनी, तिच्या मुलाच्या मुंजीत. समोरासमोर बसलो की अजूनही दोघी चहाची चौकशी करतो आणि घड्याळ बघतो. बोलणं होतं ते लाइनवर.

गुरु., ५
कुसुमची मेल, तीन ओळी. "अक्का, नेट सुधारेपर्यंत मी थांबते. यादी तुम्ही एकट्या पुढे न्या, सरी ना? माझं नाव नसलं तरी चालेल."
तुम्ही. रिटायर झाल्यापासून ती मला तू म्हणते.
नको ती गोष्ट आठवली. साहेब फोनवर ओरडायला लागले की आम्ही "सर, लाइन खराब आहे, ऐकू येत नाही" म्हणून प्लग ओढायचो. तिला ते मीच शिकवलं होतं.

शुक्र., ६
दोष सापडलाच पाहिजे. सगळी नोकरी लाइन स्वच्छ निघावी म्हणून केली. आज पहिल्यांदाच वाटतंय, खराब निघू दे.
एका टोकावरून टेस्ट होत नाही. एक टोक ऐकत बसतं, दुसरं पाठवतं. सर्व्हरवर ऐकणारं टोक चालू केलं. कुसुमला कमांड पाठवून लिहिलं : दुपारी तीनला चालव, दहा सेकंदांचं काम आहे.
तीन. सव्वातीन. चार. पडद्यावर 'ऐकतो आहे' एवढी एकच ओळ, इंग्रजीत.
दहा सेकंद दिले नाहीत तिनं. लिहिलं : "करायचं नसेल तर तसं सांग." पाठवून टाकलं.

शनि., ७
तुटलेल्या कॉलचा तक्ता केला, खात्यातल्या जुन्या दोषनोंदीसारखा, म्हणजे फॉल्ट डॉकेटसारखा. तारीख, कितव्या मिनिटाला. डॉकेटवर आणखी एक रकाना असे : दोषाच्या वेळी काय चालू होतं. लोक सांगायचे, मिक्सर चालू होता, लग्नाचा लाउडस्पीकर होता. तो रकाना आखायचा राहिला होता. आखला आणि भरला.
१८ जाने., ९ वं मिनिट : 'हुळी म्हणजे सांबार' ही तिची नोंद मी खोडली. हुळी निराळी, सांबार निराळं, साफ चूक म्हटलं.
२५ जाने., ११ वं : "हे तुमचं हुबळीचं. आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही."
१ फेब्रु., १२ वं : तिच्या चाळीस शब्दांपैकी मी लाल केलेले सव्वीस वाचून दाखवत होते. सातव्या शब्दाला तुटला.
तीन नोंदींवरून काही सिद्ध होत नाही. तक्ता घडी घालून डायरीत ठेवला.

रवि., ८
अकरा वाजून गेले. कॉल नाही.
दुपारी करायला काही नव्हतं म्हणून सर्व्हरच्या नोंदी वाचत बसले. शुक्रवारी २.५८, ३.०४, ३.१७, ३.४०. चारही वेळा एकाच पत्त्यावरून कुणी आत यायला बघत होतं आणि फायरवॉलनं परत लावलं. पत्ता ताडून पाहिला. कुसुमच्या घरचा.
पोर्ट मी उघडलंच नव्हतं. ऐकायला बसले आणि दार लावून बसले.
दोन मिनिटं आधी आली होती ती. चारदा. आणि मग माझा तो मेसेज वाचला.

सोम., ९
पोर्ट उघडलं. कुसुमला लिहायला सकाळ गेली. शेवटी पाठवलं ते एवढंच : "शुक्रवारी दोष माझ्या टोकाला होता, तुझ्या नव्हता. परत करशील?"
दोष आमच्या टोकाला आहे, असं नोकरीत कुणाला सांगितल्याचं आठवत नाही.

मंगळ., १०
काही नाही.

बुध., ११
स. १०.२०. पडद्यावर एकदम ओळी. दहा सेकंद, दहा ओळी. ९४, ९३, ९४, ९४. मग थांबलं. मग पुन्हा, उलट्या दिशेनं. ते मी सांगितलं नव्हतं. तिच्या घरच्या शंभराच्या लाइनला एवढे म्हणजे पूर्ण. दोन्हीकडून स्वच्छ, कुठेही अडखळ नाही.
म्हणजे दोष नाही. हेच आकडे तिच्याही पडद्यावर आले असणार. आता नेटचं कारण पुढे करता येणार नाही, हे तिला कळत नाही असं नाही. तरी पाठवलं. की मला कळावं म्हणूनच पाठवलं? दिवसभर हेच डोक्यात, भाजीत मीठ दोनदा पडलं.
संध्याकाळी मेसेज. "दोन्ही बाजू ओके. रविवारी अकरा. हुबळी."
डेस्कवर असताना ती टेस्ट संपवताना गावाचंच नाव सांगायची.

शनि., १४
लाल खुणा काढत बसले. सगळ्या नाही निघाल्या. सव्वीसपैकी आठ खरोखरच चूक आहेत, त्याला मी काय करू. 'हुळी' जागेवर लावली. वहिनी म्हणते, पाहुण्यांपुढे आमची आईच हुळीला सांबार म्हणायची. मला आठवत नाही. वहिनी खोटं बोलत नाही.

रवि., १५
कॉल बरोबर ११ ला लागला. म्हटलं, आज तू वाच, माझे शब्द तपास. तिनं अकरा खोडले, जरा जास्तच खुशीत. म्हणाली, "अक्का, तुझं बेंगळूर म्हणजे काय तुझं स्वयंपाकघर? बाहेर स्वल्प गाव आहे की." तुझं म्हणाली. मी ऐकून घेतलं. बारावं मिनिट गेलं ते घड्याळात पाहिलं. पंचविसावं. चाळिसावं.
एकेचाळिसाव्याला राहवलं नाही. म्हटलं, "कुसुम, तुझ्यातले ते आठ..." आणि कॉल तुटला.
वहिनी सांगते, करंट गेला होता, तिचा मिक्सर मध्येच थांबला. आधी मिक्सर की आधी कॉल, ते तिला सांगता येत नाही. राउटरच्या दिव्याकडे बघायला हवं होतं. माझी नजर यादीवर.
करंट दोन मिनिटांत आला. ऐकणारं टोक चालू केलंय. पोर्ट उघडं आहे, दोनदा पाहिलं.
१२.०५. पडद्यावर तीच ओळ : 'ऐकतो आहे'.