चेष्टा मत करो

आई,

सरोजिनी नगरचं आपलं क्वार्टर पाडलं. ती सगळी रांगच पाडली, आता तिथे उंच इमारती उभ्या राहतायत. परवा मेट्रोतून उतरून मुद्दाम त्या बाजूने चालत गेले, पण आपलं स्वयंपाकघर नेमकं कुठे असेल, काही अंदाज येईना. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला कधी काही लिहिलं नाही, आणि मराठीत लिहायची सवयही मोडलीय, तेव्हा चुका होतील. तू हसणार नाहीस, हे माहीत आहे. लहानपणी मला 'उंबरठा' हा शब्द कधी वेळेवर आठवायचा नाही. मी 'दाराखालचं ते लाकूड' म्हणायची आणि शेजारच्या काकू पोट धरून हसायच्या. तू नुसतं 'उंबरठा' म्हणायचीस, खाली पडलेली वस्तू उचलून हातात द्यावी तसं, आणि पुढच्या कामाला लागायचीस.

बाबा गेले आणि त्यांच्या जागी तुला नोकरी मिळाली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. कऱ्हाडहून लग्न होऊन दिल्लीला आलेली तू, भाजीवाल्यापलीकडे कुणाशी फारसं हिंदी बोललेली नव्हतीस, आणि एकदम बारा माणसांच्या सेक्शनमध्ये टाइपरायटरसमोर जाऊन बसलीस. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुझ्या डब्यातल्या थालीपिठावरून काही बोललं आणि तू सगळ्यांदेखत ठणकावलंस, "मेरी चेष्टा मत करो!" सगळे तुझ्याकडे बघत राहिले. मग एक म्हातारे बाबू हळूच म्हणाले, "बेटी, चेष्टा तो करनी ही चाहिए." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे तुला तेव्हा कळलं. संध्याकाळी मेथी निवडताना तू हे मला सांगितलंस. आधी तुझा चेहरा पडलेला होता, पण सांगता सांगता तुलाच हसू फुटलं आणि आपण दोघी जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. बाबा गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल. पुढे तू खात्याच्या हिंदीच्या सगळ्या परीक्षा दिल्यास आणि पास झालीस. तुझी लिहायची हिंदी माझ्याहून शुद्ध होती. बोलताना मात्र 'मेरे को नहीं होना' काही सुटलं नाही.

मला नोएडाच्या त्या चॅनेलमध्ये काम लागलं, तेव्हाचं तुझं बोलणं अजून आठवतं. तू कणीक मळत होतीस.

"म्हणजे तू टीव्हीवर दिसणार?"

"नाही गं. रात्री अकराचा गप्पांचा कार्यक्रम आहे. एक अँकर आहे, तो पाहुण्यांशी बोलतो, सुरुवातीला विनोद करतो. ते विनोद मी लिहिते."

"मग तो काय करतो?"

मी खूप हसले होते. पण प्रश्न बरोबर होता. सुरुवातीच्या त्या दिवसांत तो काय करतो आणि आम्ही काय करतो, कुणालाच धड ठाऊक नव्हतं. असा कार्यक्रम आमच्यापैकी कुणी केलेला नव्हता. अँकर नाटकातून आलेला, फार हुशार, पण कॅमेऱ्यासमोर त्याचा घसा कोरडा पडायचा. रात्रीचा कार्यक्रम आम्ही दुपारी तीनला रेकॉर्ड करायचो. त्याच्या पाठीमागे रात्रीच्या दिल्लीचा रंगवलेला पडदा होता, खिडक्यांतून पिवळे दिवे लावलेले. तो 'शुभ रात्रि' म्हणायचा आणि आम्ही बाहेर पडायचो ते डोळे दिपवणाऱ्या उन्हात. ऐंशी खुर्च्या होत्या, त्या भरायच्या कशा, हा रोजचा घोर. चॅनेलचे ड्रायव्हर बसायचे, कुणाचे मेहुणे बसायचे. राजेंद्र नगरात कलेक्टर व्हायला आलेली आपली मराठी मुलं मी समोशांच्या लालचीने आणायची, पण ती मांडीवर नोट्स उघडून बसायची आणि टाळी द्यायच्या वेळी एका हाताने मांडीवर थाप मारायची. सहा भाग झाले तरी सुरुवातीच्या विनोदांना एकदाही मोकळं हसू आलं नाही. प्रोड्यूसर मॅडम म्हणाल्या, आणखी दोन भाग असेच गेले तर चॅनेल दुकान बंद करणार.

तेव्हा मी तुला म्हटलं, तुझ्या ऑफिसच्या मैत्रिणींना घेऊन येशील? तू अर्ध्या दिवसाची रजा टाकलीस, सेक्शनमधल्या पाचजणींनाही टाकायला लावलीस. जांभळी नारायणपेठ नेसलीस. सगळ्या युनिटसाठी डबाभर चकल्या आणल्यास आणि कॅमेरामनला स्वतः उठून वाढल्यास. "लो बेटा, घर का है, तेल कम है." पहिल्या रांगेत मधोमध बसलीस. मला खुणेने बोलावून कानात विचारलंस, "भर दुपारी हे लोक शुभ रात्री म्हणतात आणि तुम्ही टाळ्या वाजवता?" तुझ्या अंगाला पावडरचा वास येत होता. तू किती खूश होतीस, आई.

त्या दिवशी अँकरचे पहिले तीन विनोद पडले. नुसते पडले नाहीत, पडल्याचा आवाज आला. तो पाणी प्यायच्या निमित्ताने पडद्याआड आला. "कुछ है तेरे पास? कुछ भी?" माझ्या वहीत एक होता. दोन आठवड्यांपासून लिहून ठेवलेला, आणि दर वेळी पान उलटून पुढे जायची. तू दहा पावलांवर बसलेली आहेस, हे मला दिसत होतं. तुझ्या दोन्ही बाजूंना त्याच सेक्शनमधल्या बायका आहेत, हेही. मी पान फाडून त्याच्या हातात दिलं.

तो बाहेर गेला आणि म्हणाला, "हमारे यहाँ एक मराठी आंटी हैं. सरकारी दफ़्तर में काम करती हैं. रोज़ सुबह आते ही सबको हाथ जोड़कर कहती हैं, भैया, चेष्टा मत करो. और साहब, पूरा दफ़्तर मान गया!"

स्टुडिओ फुटला. ड्रायव्हर हसले, समोसेवाली मुलं हसली, कारण त्यांना तर दोन्ही बाजूंनी कळला होता. तुझी ती पंजाबी मैत्रीण तुझ्या खांद्यावर थाप मारून ओरडली, "अरी, ये तो तेरी बात है!" अँकरचा घसा मोकळा झाला. त्यानंतर तो चाळीस मिनिटं असा बोलला, की जणू हेच करायला जन्मला होता. कार्यक्रम तगला. आंटी तर दर आठवड्याला यायला लागली. कधी बँकेत जायची, कधी डॉक्टरकडे, आणि सगळीकडे उलटसुलट हिंदी बोलायची. मीच लिहायची. लोक पत्रं पाठवायचे, आंटीचं आणखी दाखवा म्हणून.

परतताना आपण दोघीच ऑटोत होतो. तू विचारलंस, "त्याला ते कुणी सांगितलं गं?"

मी म्हटलं, "कुणी कशाला सांगेल? दिल्लीत काय कमी मराठी बायका आहेत? सुचलं असेल त्याला."

"हो ना," तू म्हणालीस. "मीही तेच म्हटलं."

त्यानंतर तू बाजारात बोलायची कमी झालीस, ते माझ्या ध्यानात यायला वर्ष गेलं. भेंडीकडे बोट दाखवायचीस, मग पाव किलोसाठी तळहात असा आडवा धरायचीस. दुधवाल्याशी, पोस्टमनशी मला बोलायला लावायचीस. मी म्हणायची, "काय गं, तूच सांग ना," आणि तू म्हणायचीस, "तुझं चांगलं आहे बाई." मला वाटायचं, वय झालं. तू पन्नाशीचीही नव्हतीस.

बाकीचं मला तू गेल्यावर कळलं. तेराव्याला तुझी ती पंजाबी मैत्रीण आली होती. माझा हात हातात धरून रडत होती आणि मधेच हसत होती. म्हणाली, ऑफिसात सगळे तुला चेष्टा आंटी म्हणायचे. सकाळी तू आत आलीस की कुणी ना कुणी हाक मारायचं, "आंटी, आज चेष्टा करें कि ना करें?" सहा वर्षं. नवे साहेब आले तरी पहिल्या दिवशी त्यांना ही गोष्ट सांगितली जायची. "पर दिल की बड़ी थी तेरी माँ," ती म्हणाली, "रोज़ हँस देती थी." घरी आल्यावर तू मला यातलं अक्षर सांगितलं नाहीस. रोज विचारायचीस, आज काय लिहिलंस, लोक हसले का. आणि मी सांगायची.

गेल्या महिन्यात एका कॉलेजने बोलावलं होतं, त्या कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या दिवसांवर बोला म्हणून. आता मुलांना त्याचं फार अप्रूप वाटतं. मी समोशांचं सांगितलं, रंगवलेल्या रात्रीचं सांगितलं, सगळे खूश. मग त्यांनी जुन्या टेपवरून काढलेला एक तुकडा पडद्यावर लावला. आमच्या त्या कॅमेरामनने पाठवला होता, मला पत्ताही नव्हता. विनोद झाला, लोक हसले, आणि कॅमेरा पहिल्या रांगेकडे वळला. आई, तू होतीस. भिंतीएवढी. तुझे फोटो आहेत माझ्याकडे, पण हलणारी तू कुठेच नाहीस, एवढीच आहेस, दहा-अकरा सेकंद. तू मान हलवतेस ती तशीच, एका बाजूला जरा जास्त. तू लगेच हसली नाहीस. आधी डावीकडे पाहिलंस, जिथे पडद्याआड मी उभी होते तिकडे. काहीतरी शोधलंस. मग हसलीस, चांगली मोठ्याने, आणि टाळ्याही वाजवल्यास.

म्हणजे ऑटोत विचारलंस तेव्हा तुला माहीत होतं.

तुकडा संपला आणि एक मुलगी उठून उभी राहिली. चुणचुणीत होती, बोलण्यावरून बहुधा नागपूरकडची. "मॅम, वो चेष्टा वाली आंटी सच में थीं क्या?"

मी म्हटलं, "नहीं. लिखी हुई थीं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायले आणि पुढच्या प्रश्नाला उत्तर दिलं. घरी आल्यावर माझ्या लेकीने विचारलं, कसं झालं, तर म्हटलं, बढिया झालं. तिला आजी फारशी आठवत नाही. तिला तो तुकडा दाखवायचा, तर त्या दहा सेकंदांच्या आधीचं सगळं सांगावं लागेल, म्हणून अजून दाखवला नाही. रात्री एकटीच लावते. आवाज बंद करून लावते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तू समोर असतीस तर मी आजही म्हटलं असतं की त्याला सुचलं असेल. माफ कर म्हणायला बसले होते, पण माफी मागायच्या आधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ती माफीही लिहिलेलीच होईल. लोक हसले तेव्हा तू मला शोधलंस. मी तुझ्याकडे बघत नव्हते. मी पडद्याआड डोळे मिटून तो हसण्याचा आवाज ऐकत उभी होते, आणि आयुष्यात मला इतकं बरं फार थोड्या वेळा वाटलंय.