हेलिकॉप्टर शाळेला चौतीस दिवस

३ जून, मंगळवार
पत्र आलं. निवड झाली. ७ जुलैला सकाळी आठ वाजता लष्कराच्या हेलिकॉप्टर शाळेच्या गेटवर हजर व्हायचं. आईने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, नक्की तुलाच आलंय ना? पाकीट दाखवलं.

सोबत अभ्यासाची यादी. पान पहिलं: इमर्जन्सीत काय करायचं, पावलं क्रमाने, शब्दन् शब्द पाठ. पुढे इंजिनाच्या मर्यादा आकड्यांसकट, हवामान, नकाशा, रेडिओवर बोलायची पद्धत. पहिल्याच दिवशी लेखी परीक्षा आणि मेडिकल.

यादी भावोजींना दाखवली. वीस वर्षं लष्करात हेलिकॉप्टरचे मेकॅनिक होते, आता रिटायर. ते आणि ताई आमच्याकडेच राहतात. म्हणाले, पहिलं पान आधी, बाकीचं तिथे शिकवतील. झोपेतून उठवून विचारलं तरी तेच तोंडातून यायला हवं.

मेकॅनिक माणूस. पुस्तकातली पानं आणि नट आवळायचे पाने यांच्यापलीकडे विचार जात नाही.

माझं मत वेगळं. हेलिकॉप्टर लढाऊ, तर चालवणाराही लढाऊ हवा. आकडे कुणालाही पाठ होतात. समोरच्याला ठेचायची वृत्ती सगळ्यांत नसते. ती आधी कमवायची. पाठांतर शेवटच्या आठवड्यात.

५ जून, गुरुवार. सकाळी ७.४०
ठराव: रोज पाचला उठणे. आजचा दिवस धरत नाही.

ताईचा बॉक्सिंगचा क्लास आहे. गोदामावरचा हॉल, चार बॅगा, एक रिंग, घामाचा वास. तिला म्हटलं, मला मारायला शिकव. ती म्हणाली, आधी मार खायला शिकतात. निगेटिव्ह कोचिंग.

६ जून, शुक्रवार
पहिली लढत. समोर ताईची शिष्या, पतपेढीत कॅशियर. वजन अठ्ठेचाळीस. माझं त्र्याहत्तर. साहजिकच मी जरा हात आखडता घेतला.

नाक फुटलं. रक्त बनियनवर, मॅटवर, तिच्या ग्लोव्हवर. एकूण अकरा सेकंद. पैकी पहिले आठ सेकंद माझं वर्चस्व होतं. ताईचं म्हणणं, ते आठ सेकंद ती पोरगी बुटाची नाडी बांधत होती.

महत्त्वाचं म्हणजे मी रक्त बघून घाबरलो नाही. डोळेच मिटलेले होते.

१० जून, मंगळवार
कॉकपिट तयार केला. ताईच्या हॉलमध्ये बॅगेच्या हुकाला दोरांनी खुर्ची टांगली. उजव्या हातात झाडूचा दांडा, डाव्या हातात मॉपचा. पायाने भिंत ढकलली की खुर्ची फिरते. हवेत तोल सांभाळण्याचा सराव.

पहिली तीन मिनिटं उत्तम. मग खुर्ची फारच फिरली. मॉपने आरसा फोडला, झाडूने ट्रॉफ्यांचं कपाट. मी काचांवर उतरलो. पोटरीला सात टाके. शुद्धीवर राहून उतरलो, हे उड्डाणाच्या दृष्टीने यशच.

ताईने हॉलची किल्ली काढून घेतली. काच वेचताना भावोजींनी विचारलं, पहिलं पान कुठवर आलं? म्हटलं, चालू आहे. पान बॅगेत आहे. बॅग पलंगाखाली आहे.

१४ जून, शनिवार
हवामानाचं पुस्तक उघडलं. ढगांचे दहा प्रकार. ढगाला गोळी लागत नाही. बंद केलं.

१७ जून, मंगळवार
चौकात दोन ट्रकवाल्यांची जुंपली होती. एकाने जॅकचा रॉड काढला, दुसऱ्याच्या खांद्यावर हाणला. मला वाटलं, निर्णयक्षमतेची हीच वेळ. मध्ये पडलो.

दोघे लगेच एक झाले. एकाने कॉलर धरली, दुसऱ्याने बरगड्यांत गुडघा घातला. मी दुकानाच्या शटरवर आपटलो, मग गटारापाशी, मग पुन्हा शटरवर. भाजीवालीने पाण्याची बादली ओतली तेव्हा थांबले.

तिने घरी फोन केला. भावोजी आले. मला उचललं, गाडीत बसवलं. वाटेत म्हणाले, तुला कुणी मारलं याचं मला काही नाही, तू कुणाकुणाला घेऊन पडशील याचं आहे. अर्थ लागला नाही. बरगड्या दुखत होत्या.

१९ जून, गुरुवार. संध्याकाळ
मला झोपून राहायची सक्ती. भावोजी खुर्ची ओढून बसले. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. लग्नाच्या वेळी आम्हाला मशीनमध्ये गेली असं सांगितलं होतं. आज खरं सांगितलं.

त्यांच्या तुकडीत एक तरुण पायलट होता. सगळ्यांचा लाडका, दंडाने लोखंड वाकवायचा. मागे चार जवान घेऊन उडाला. तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं. अशा वेळी डाव्या हातातला दांडा लगेच खाली दाबायचा, मग पंखा वाऱ्यावर फिरत राहतो आणि हेलिकॉप्टर कसंबसं उतरवता येतं. हातात एक-दोन सेकंद. तो घाबरला. खाली जातोय म्हणून त्याने दांडा वर ओढला. पंखा मंदावला आणि सगळं दगडासारखं आलं.

भावोजी धावले. टाकी पेटली होती. चाकूने पट्टे कापून दोघांना बाहेर ओढलं. तिसऱ्याचा फक्त बूट हातात आला. पायलट शेवटपर्यंत दांडा वर ओढून बसला होता. त्याची मूठ सोडवताना यांची बोटं जळली.

एवढं सांगून ते म्हणाले, लोखंड वाकवणाऱ्याला एक ओळ पाठ नव्हती.

मला वाईट वाटलं. पण तो घाबरट होता. मी घाबरट नाही. दोन केसेस वेगळ्या आहेत.

२४ जून, मंगळवार
तेरा दिवस. नवीन टाइमटेबल केलं. चार रंगांची स्केचपेनं. फार सुंदर झालंय. दमलो.

२९ जून, रविवार
लिहायची इच्छा नाही, पण पुढे कुणी विचारलं तर माझी बाजू असावी.

दुपारी जेवताना भावोजींनी अचानक विचारलं, इंजिन बंद, पहिलं काय? तोंडात घास होता. मी म्हटलं, शांत राहणे. ते म्हणाले, तेव्हा शांतता आपोआप होते, पहिलं काय? मी म्हटलं, रेडिओवर कळवणे. त्यांनी ताट बाजूला सारलं. आईसमोर, ताईसमोर म्हणाले, जाऊ नकोस. शाळेला पत्र टाक, जागा दुसऱ्याला मिळू दे. तू मेलास तर तुझ्या आईला एक मुलगा गेला. मागे बसलेल्यांच्या आयांनी काय केलंय?

मी उठलो आणि मारलं. विचार न करता. सरळ तोंडावर.

ते सिंकवर आदळले. कडेला लागून भुवई फुटली. रक्त डोळ्यात, शर्टवर, पाण्यात. ते खाली बसले आणि हात वर केला नाही. अडवायलाही नाही.

ताई टेबल ओलांडून आली. ती डावखुरी आहे. उघड्या पंजाने उजव्या कानावर एकच. मी फ्रिजला धडकून पडलो. आई ओरडत होती बहुतेक, तोंड उघडं दिसत होतं.

भावोजींना सहा टाके.

तांत्रिकदृष्ट्या माझा रिफ्लेक्स उत्तम होता, हे कुणीही मान्य करेल. आज कुणी करणार नाही.

१ जुलै, मंगळवार
घरात कुणी बोलत नाही. कानात शिट्टी वाजते. उशीला पिवळट डाग. इंजिनाच्या आवाजाची कानाला आधीच सवय होतेय, असं धरतो.

भावोजी समोर आले की मी पाणी प्यायला जातो. फार पाणी होतंय.

५ जुलै, शनिवार
पहिलं पान काढलं. अठ्ठावीस पावलं. तीन पाठ झाली. उद्या पंचवीस.

६ जुलै, रविवार
बॅग भरण्यात वेळ गेला.

७ जुलै, सोमवार. सकाळी ७.३०, गेटबाहेर
भावोजींनी स्वतः गाडीने आणून सोडलं. मी नको म्हणालो होतो. भुवईवर अजून पट्टी आहे. दोन तासांच्या वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मनात धरून आहेत. मीही खिडकीबाहेर बघत राहिलो. मोठ्या माणसाने एवढं ताणू नये. पण मी जिंकून दाखवेन, मग माफी मागेन. असा क्रम ठरवला आहे.

७ जुलै. दुपारी ४.४५, गाडीत
परीक्षा: चाळीसपैकी साडेतीन. अर्धा मार्क कशाचा, ते पेपर तपासणाऱ्या मेजरसाहेबांनाही सांगता आलं नाही.

मेडिकल: डॉक्टरांनी कानात दिवा घातला आणि बराच वेळ काढला नाही. पडदा फाटलाय. आत पू. आणखी आठ दिवस तसाच काढला असता तर उजवा कान गेला असता. उड्डाणाला अपात्र. जागा राखीव यादीतल्याला दिली, तो बाहेर बाकावर बसूनच होता. पान पहिलं तोंडाने पुटपुटत होता.

फॉर्मवर रकाना होता, इजा कशी झाली. मी म्हटलं, ट्रेनिंगमध्ये. डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या? म्हटलं, घरगुती. कुणी मारलं? बहिणीने. का? मी सांगितलं. मेव्हण्याला मारलं म्हणून. का मारलं, तेही विचारलं. त्यांनी मला अभ्यास विचारला म्हणून. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं, मग सगळं लिहून घेतलं. खाली माझी सही.

बाहेर आलो तर रस्त्यापलीकडे गाडी उभी. भावोजी आत, सीट मागे करून. सकाळपासून गेलेच नव्हते. मी विचारलं, का थांबलात?

म्हणाले, सकाळी वाटेत तुला तीन वेळा विचारलं, इंजिन बंद, पहिलं काय. तू बाहेर बघून हसत होतास. तेव्हाच कळलं, कान गेलाय. परत पाठवणार हे नक्की होतं, मग एवढ्या लांबून एकटा कसा आला असतास.

मला माफी मागायची होती. सुरुवात कुठून करायची ते ठरत नव्हतं. ते गाडीतून उतरले, फेरी मारून माझ्या डाव्या बाजूला आले आणि चौथ्यांदा विचारलं.

म्हटलं, डाव्या हातातला दांडा खाली.

त्यांनी मान हलवली. मग दुसरं पाऊल विचारलं.